कमळमावशीची दहा मिनिटं

६ जानेवारी, सोमवार

पत्र आलं. परिषद मुंबईतच!

जयवंतकाकांनी, म्हणजे आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी, ते तीनदा वाचलं, मग मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग आईला बाहेर बोलावून मराठीत सांगायला लावलं. आई चवळीची भाजी निवडत होती, ताट हातात घेऊनच उभी राहिली. "बरा झाला," म्हणाली आणि आत गेली. आत म्हणजे चार पावलं. पक्षाचं ऑफिस संपतं तिथे आमचं स्वयंपाकघर सुरू होतं.

एकवीस ते तेवीस फेब्रुवारी. जगभरच्या समाजवादी आणि सोशल डेमोक्रॅट पक्षांची जी आघाडी आहे, तिची आशिया विभागाची परिषद. आधी जिथे व्हायची होती तिथलं सरकार पडलं, म्हणून आमच्याकडे आली. चौदा पक्ष येणार. शिवाय युरोपातले तीन पाहुणे पक्ष, आणि त्यात काकांचा लाडका, उत्तरेकडचा तो पक्ष. आम्ही त्याला नुसतं 'भगिनी पक्ष' म्हणतो. तिथे आठ वर्षं त्यांचंच सरकार आहे.

आमच्या लोकश्रमिक पक्षाचा राज्यात एकही आमदार नाही. मुंबईत एक माजी नगरसेवक, तोही घाटकोपरच्या बाहेर कुणाला माहीत नाही. पण आघाडीच्या यादीत आमचं नाव पन्नास वर्षं आहे. पक्षाचा आंतरराष्ट्रीय विभाग म्हणजे मी. एक टेबल, एक लॅपटॉप, एक खिडकी. खिडकीबाहेर मेट्रोचा खांब.

९ जानेवारी, गुरुवार

व्हिसाची एकोणतीस पत्रं केली. मुलुंडचा हॉल ठरला. सर्वेश – आमचा नवा सरचिटणीस, याच्या शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही – म्हणाला, "अपूर्वा, तू नसतीस तर आमची वाट लागली असती."

खरं आहे. म्हणूनच सुटका नाही. सात वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी लागली होती मला. काका म्हणाले, तू गेलीस तर विभाग बंद करू. गेले नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

कमळमावशी आल्या. शिरबंदरच्या कोळणींच्या संघटनेच्या अध्यक्ष. मार्केटात टोपली रिकामी करून थेट जिना चढल्या, बरोबर सून, निशा. निशा कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला आहे. कमी बोलते.

शिरबंदर म्हणजे माहुलच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. तिथे गॅसच्या जहाजांसाठी धक्का होणार आहे. तो झाला की कोळ्यांच्या होड्यांना खाडीत शिरायला वाट राहणार नाही, आणि किनाऱ्यालगतची साडेतीनशे घरं उठणार. आमचा पक्ष दोन वर्षं त्यांच्या मोर्चात आहे. हे सगळं जुनंच.

नवीन ते निशानं पिशवीतून काढलं. प्रकल्पात पैसे घालणाऱ्यांची यादी, कंपनीनंच छापलेली. तिसऱ्या नंबरला पिवळी रेघ – भगिनी पक्षाच्या देशाचा सरकारी पेन्शन फंड.

मी दोनदा वाचलं. काकांनी चष्मा काढून वाचलं.

मावशी म्हणाल्या, "तुमचे पावने येनार ना? मना धा मिनटं द्या. मी त्यांना सांगंन, तुमच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनीपायी आमची खाडी बुजवू नका. गरिबांचा पक्ष ना त्यांचा? मंग आयकतील."

काका लगेच म्हणाले, "दहा काय, पंधरा घ्या."

मनापासून म्हणाले. मी तिथेच होते.

२० जानेवारी, सोमवार

काका आज सर्वेशला पोस्टकार्डांची गोष्ट सांगत होते. मी शंभरदा ऐकली असेल, तरी दारात थांबले.

आणीबाणीत काका अठरा महिने तुरुंगात होते. वय एकोणतीस. सहाव्या महिन्यात डोकं फिरायला लागलं, भिंतीशी बोलायचे. मग एक दिवस जेलरनं एक पोतं आणून टाकलं. चारशे बारा पोस्टकार्डं. भगिनी पक्षाच्या लोकांनी पाठवलेली – खाणकामगार, नर्सेस, एका शाळेतली मुलं. बहुतेकांवर एकच ओळ: आम्हाला तुमचं नाव माहीत आहे.

"तोवर वाटायचं, आपण मेलो आणि कुणाला कळलंही नाही," काका म्हणाले. सर्वेश मान हलवत मोबाईल बघत होता.

परक्या देशातल्या माणसानं आपलं नाव घेणं म्हणजे काय, हे काकांना मी काय शिकवणार? तिथूनच तर त्यांचं सगळं आयुष्य सुरू झालं.

२८ जानेवारी, मंगळवार

भगिनी पक्षाचा मेल. आघाडीच्या उपाध्यक्षपदासाठी ते जयवंतकाकांचं नाव सुचवणार आहेत. निवडणूक परिषदेच्या शेवटच्या दिवशी.

मी वाचून दाखवलं. काका उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालं नव्हतं.

दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच. काकांनी विचारलं, "कमळबाईंच्या भाषणाचं भाषांतर तूच करणार ना?"

"हो."

"त्या फंडाचं नाव घेतील."

"घेणारच. त्यासाठीच येतायत त्या."

काका खिडकीबाहेर बघत होते. "पाहुणे इतक्या लांबून येणार आणि भर सभेत त्यांच्या तोंडावर... मी बोलेन ना नंतर. स्वतः बोलेन. उपाध्यक्ष झालो की माझ्या शब्दाला वजन येईल. आत्ता ओरडलं तर ते फक्त दुखावतील."

"मग मी काय करू?"

"परदेशी भांडवल म्हण. खोटं नाही ना ते?"

खोटं नाही. मी तेवढंच म्हणाले – "खोटं नाही." त्याचा अर्थ त्यांनी 'हो' घेतला.

उठता उठता म्हणाले, "मार्चमध्ये पक्षाच्या जागेच्या ट्रस्टची मीटिंग आहे. तुमच्या दोन खोल्यांचा विषय सर्वेशनं घेतलाय, त्याला तिथे प्रशिक्षण केंद्र हवंय. मी आहे तोवर तू काळजी करू नकोस."

ही धमकी नव्हती. मी काकांना ओळखते. गिरणी बंद पडल्यावर बाबांना ऑफिसची राखण दिली ती त्यांनीच, ह्या खोल्या दिल्या त्यांनीच. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आता एकोणचाळीस. माझी फी, माझं इंग्रजी, बाबांचं हॉस्पिटल – सगळ्यात काका. धमकी असती तर भांडता आलं असतं. उपकाराशी कसं भांडायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

आईला सांगितलं नाही. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये प्लायवूडचं दार आहे. तिनं ऐकलंच असणार. तीही बोलली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बिल्ले छापून आले. माझ्या बिल्ल्यावर नुसतं 'दुभाषी'. नाव राहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिरबंदरला गेले, भाषण उतरवून घ्यायला. मावशींनी आधी जेवायला बसवलं. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. बाहेर निशा जाळ्यात अडकलेला प्लास्टिकचा कचरा काढत बसली होती.

मावशी कागदावरून बोलणाऱ्यातल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सुरूच झाल्या. मी भराभर लिहीत गेले. फंडाचं वाक्य आलं तेव्हा पेन थांबलं.

"काय गो, फास्ट बोलते का मी?"

"नाही मावशी. पण हे वाक्य... त्यांना लागेल."

"लागंल मनूनच बोलते."

मी सांगायला हवं होतं. तिथेच. कुणी नव्हतं, वेळ होता, जेवणही झालं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मना इंग्रजी नाय येत. तू बोलशील तोच माजा बोलना."

मी मान खाली घालून वहीत रेघा मारत राहिले. निघताना सुकटीची पुडी दिली आईसाठी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस. हॉल भरला. मंचामागे अठरा झेंडे लावायचे होते, दोन उलटे लागले, ते मी आणि हॉलच्या माणसानं शिडी लावून बदलले.

भगिनी पक्षाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख मार्गिट नावाच्या बाई आहेत. साठीच्या, पूर्वी नर्स होत्या, आता खासदार. काकांना बघितल्यावर त्यांनी दोन्ही हात धरले. म्हणाल्या, माझ्या आईनं तुम्हाला पोस्टकार्ड लिहिलं होतं. काका रडले. यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर दिवसभर मी मार्गिटबाईंच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. उद्या मी काय करणार आहे, ते मला माहीत होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

म्हणजे काका म्हणाले तसंच केलं.

मावशी हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून आल्या होत्या. माईक त्यांनी हातात घेतला नाही, मलाच धरायला लावला. एका हातात त्यांचा माईक, दुसऱ्यात माझा. त्या तीन-चार वाक्यं बोलायच्या, थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या. पहिली सात-आठ मिनिटं मी इतकं चांगलं भाषांतर केलं की आजवर कधी जमलं नव्हतं. नवरा भरतीला होरी, म्हणजे छोटी होडी, काढतो ते, आधी चिखलात निवट्या मासळी मिळायची तिथे आता तेलाचा तवंग येतो ते, धाकट्या दिराला कंपनीनं वॉचमनची नोकरी देऊ केली आणि त्यानं विचारलं, समुद्रापासून काय राखायचं – सगळं. हॉल गप्प होता.

मग त्या मार्गिटबाईंकडे वळल्या. बोट नाही दाखवलं, हात पुढे केला, काहीतरी मागावं तसा. "बाय, या कामात तुमच्या देशाच्या पेन्शनीचा पैसा हाय. तुमचाच सरकार हाय. तो पैसा काढा."

आणि थांबल्या. आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले – या प्रकल्पात परदेशी भांडवल आहे. त्याचा फेरविचार व्हावा.

किती सोपं गेलं! जीभ अडखळली सुद्धा नाही. पहिल्या रांगेत काकांनी डोळे मिटून घेतले. टाळ्या खूप वेळ वाजल्या. एका बेटावरच्या पक्षाचे लोक उभे राहिले.

मावशी मंचावरून उतरल्या, मनगट घट्ट धरलं माझं. "कलला त्यांना?"

"कळलं," मी म्हणाले.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं. जेवले. सगळं जेवले. हेही लिहून ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सत्र सुरू व्हायच्या आधी निशा हॉलच्या जिन्यात उभी. तिनं फोनवर काल रेकॉर्ड केलेलं लावलं, मोजून तेवढाच भाग. आधी सासूचा आवाज, मग माझा.

"ताई, मी पाच वेळा ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे."

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"आईंना मी सांगितलेलं नाही. काल आल्यापासून त्या सगळ्या वाड्यात सांगतायत, बाईनं ऐकलं म्हणून. तुम्ही सांगा. उद्या पाहुणे होडीतून खाडी बघायला येणार आहेत ना, त्याच्या आधी सांगा."

ओरडली असती तर बरं. फोन पर्समध्ये ठेवून जिना उतरून गेली.

बारा वाजता काका उपाध्यक्ष झाले. बिनविरोध. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या – काकांसाठी खरंच वाजवल्या. त्यांनी मंचावरून मला शोधलं आणि हात जोडले. ते हात जोडणं मला कुठे ठेवावं कळेना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाहुण्यांच्या गाड्या दहाला येणार होत्या. मी साडेआठलाच शिरबंदरला पोचले. मावशी बंदरावर बोंबील वाळत घालत होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं. काय बोलायचं होतं, काय बोलले. कुणी सांगितलं तेही सांगितलं. आणि कुणी सांगितलं तरी बोलले मीच, हेही.

त्यांचे हात थांबले नाहीत. तीन-चार बोंबील जोडून वलांडीवर टाकले. मग म्हणाल्या, "माजी उमर बासष्ट. मी शिला मावरा ताजा मनून कदी इकला नाय. गिऱ्हाइक आंधला असला तरी नाय."

"मावशी, चुकलं माझं."

"ते मना कलला. आता पुडं काय ते बोल."

पुढे काय. हा प्रश्न गेल्या महिन्याभरात मला कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

म्हणाले, "आज होडीत पुन्हा बोला. मी सगळं सांगते."

होडीत मावशींचे यजमान हरेश्वर वल्ह्यावर, मार्गिटबाई, मावशी, निशा, मी. बाकी पाहुणे मागच्या होडीत. काका किनाऱ्यावरच थांबले, त्यांना पाण्याचा त्रास होतो. खाडीच्या मध्ये जिथे धक्क्याचे लाल बांबू रोवलेत, तिथे हरेश्वरकाकांनी होडी धरली. मावशी पुन्हा तेच बोलल्या. तेच वाक्य. मी सांगितलं, सगळंच्या सगळं, फंडाच्या पूर्ण नावासकट. मग हेही सांगितलं की शनिवारी मी हे गाळलं होतं.

मार्गिटबाईंनी बांबूंकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, "मला माहीत आहे. ज्या समितीनं या गुंतवणुकीला मंजुरी दिली, तिच्यात मी होते. शनिवारी यांच्या बोलण्यातला 'पेन्शन' शब्द मी ओळखला होता. तुम्ही ते वाक्य बदललंत, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मनातल्या मनात तुमचे आभार मानले."

मी त्यांचे शब्द वहीत उतरवले.

"सप्टेंबरमध्ये आमच्या निवडणुका आहेत," त्या म्हणाल्या. "त्याआधी मी हे उघड बोलले तर पक्ष मला तिकीट देणार नाही. नंतर बघू."

मी मावशींना मराठीत सांगितलं. त्यांनी मार्गिटबाईंना नीट निरखलं, जसं मार्केटात गिऱ्हाइकाला निरखतात. मग विचारलं, "काय गो बाय, तुजा पन घर पक्षाचाच हाय काय?"

माझ्या खोल्यांबद्दल निशानं सांगितलं असेल, नाहीतर आईनं. मला हेही भाषांतर करावं लागलं. करताना तोंड तापलं.

मार्गिटबाई म्हणाल्या, "घर नाही. बाकी सगळं."

हरेश्वरकाकांनी होडी वळवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुणे गेले.

परिषदेचं इतिवृत्त यजमान पक्षाच्या आंतरराष्ट्रीय सचिवानं लिहायचं आणि आठवड्याच्या आत आघाडीच्या सगळ्या पक्षांना पाठवायचं, असा नियम आहे. सचिव मी. दरवेळी दुसऱ्या देशांची इतिवृत्तं वाचून फाईल केली. आज पहिल्यांदा लिहायला बसले.

मावशींचं भाषण शब्दाला शब्द लिहिलं. त्याखाली लिहिलं: सभेत या भाषणातल्या एका वाक्याचं भाषांतर चुकीचं झालं. ते वाक्य असं आहे. चूक दुभाष्याची, म्हणजे माझी. काकांचं नाव घातलं नाही. दोनदा घातलं, दोनदा पुसलं. ते माझ्या तोंडून आलेलं वाक्य होतं.

खाली पूर्ण नाव लिहिलं – अपूर्वा यशवंत परब. बाबांचं नाव लिहिताना हात थांबला. लिहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काका डॉक्टरकडे गेले होते. वाट बघितली असती तर बारा वाजता आले असते. सव्वाअकराला पाठवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बेटावरच्या पक्षाचं उत्तर: आमच्याकडेही असाच धक्का होतोय, त्या बाईंचा पत्ता द्या. भगिनी पक्षाचं उत्तर एका शब्दाचं: पोहोचलं.

सर्वेशचा फोन. "तू वेडी झालीस का यार? पन्नास वर्षांचे संबंध!" मी फोन कानापासून लांब धरला. काका दोन दिवस ऑफिसात आलेले नाहीत.

२ मार्च, रविवार

आज काका आले. ऑफिसच्या खुर्चीत बसले नाहीत. आमच्या प्लायवूडच्या दारावर टकटक केली. सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती, नुसतं "अपूर्वा" अशी हाक असायची.

आईनं खुर्ची दिली. पाणी दिलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं, काका."

ते हसल्यासारखे झाले, पण हसले नाहीत. "माझं नाव का नाही लिहिलंस? मीच सांगितलं होतं ना तुला."

"तुम्ही सांगितलंत. बोलले मी."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या लोकांनी मला वाचवलं गं. मी त्यांच्या विरुद्ध कसं बोलू?"

हे वाक्य मी त्यांच्याबद्दल म्हणू शकते, जसंच्या तसं.

११ मार्च, मंगळवार

ट्रस्टची मीटिंग. पलीकडे, दाराच्या त्या बाजूला. आई आणि मी ऐकत होतो, लपून नाही, घर आहे आमचं म्हणून. चार जणांनी हात वर केले. एप्रिलच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात. सचिवपदही गेलं.

संपल्यावर काका दाराशी आले. "मी तटस्थ राहिलो," म्हणाले.

म्हणजे विरोधही नाही केला. त्यांना ते सांगावंसं वाटलं, हेच मला जास्त लागलं.

१६ मार्च, रविवार

आई ट्रंक काढून बसली. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस आहेत, मी बघते काहीतरी. ती म्हणाली, "ह्या घर आपला कधीच नव्हता. तुजो बाबा राखण करूक इल्लो, आमी राखण केली. झाला." आणि मग, बाबांचे कपडे घडी करता करता – "कमळकडे मी जावन इलंय. तिच्या जावेची वरची खोली रिकामी असा."

मी विचारलं, कधी गेलीस.

"तू हंय रडत बसलंस तेवा."

मी रडत बसले होते हे मलाच माहीत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

निशानं बातमी पाठवली. भगिनी पक्षाच्याच युवा शाखेनं मावशींचं भाषण तिथल्या पेपरात छापून आणलं. मंत्र्यांना प्रश्न विचारला गेला. मंत्री म्हणाले, फंड ऑक्टोबरमध्ये फेरविचार करेल. म्हणजे निवडणुकीनंतर. कंपनी थांबलेली नाही, बांबूंची दुसरी रांग रोवली.

मावशींना वाचून दाखवलं. "माजा फोटो छापला काय?" हे पहिलं. मग म्हणाल्या, "ऑक्टोबर मंजे नारली पुनव होऊन गेली. तवर आमी काय करू?"

मला माहीत नाही, म्हणाले. पूर्वी अशा वेळी मी काहीतरी गोड बोलत असे.

२८ मार्च, शुक्रवार

टेम्पो आला. सामान अर्ध्या तासात भरलं. काका जिन्यापाशी उभे होते, काठी टेकून. म्हणाले, "पत्ता दे." लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मी वाकून नमस्कार केला. टेम्पोत आई पुढे, ड्रायव्हरशेजारी. घाटकोपर संपेपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार

खोली दहा बाय दहा. पत्रा. खिडकीतून खाडी आणि ते लाल बांबू. घरात सगळीकडे सुकटीचा वास. ही सुटका आहे की दुसरा पिंजरा, कळत नाही. सकाळी मावशींनी खालून हाक मारली – "ए दुभाषी, चा पी." बऱ्याच दिवसांनी हसले.

९ एप्रिल, बुधवार

आज कंपनीची माणसं मोजणीला आली. दोघं, एक टेप, एक रंगाचा डबा. दारावर लाल आकडा लिहिला – ११४. किती वर्षं राहता, विचारलं. बारा दिवस, म्हटलं. लिहून घेतलं. नाव विचारलं. माझं सांगितलं, मग आईचं. कागद पुढे केला: घर सोडायला हरकत नाही, इथे सही करा.

हरकत आहे, मी म्हणाले.